विज्ञानकथेचा वाचक गेला कुठे?

मराठी विज्ञानकथेचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: आता ती कोणी वाचत नाही. संग्रह खपत नाहीत, चांगल्या कथा मिळत नाहीत, आणि शेवटी सगळ्याचे खापर वाचकावर फुटते. मराठी माणसाला मुळात विज्ञानाची गोडीच नाही, असे सांगून चर्चा संपवली जाते. हे शेवटचे कारण मात्र अजिबात पटण्यासारखे नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा इस्रोच्या यूट्यूब प्रक्षेपणावर एका क्षणी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक होते. त्यांना कोणी बळजबरीने बसवले नव्हते. पडद्यावर बराच वेळ दिसत होते ते आकडे, आलेख आणि नियंत्रण कक्षातल्या माणसांचे ताणलेले चेहरे. ज्या समाजाला विज्ञानाचे वावडे आहे तो यानाचा वेग कमी होताना श्वास रोखून पाहत बसत नाही. म्हणजे कुतूहल आहे, तरीही विज्ञानकथा मागे पडली. याचे कारण वाचकात शोधण्यापेक्षा आपण या कथेवर सुरुवातीपासून कोणते काम सोपवले होते, ते पाहिले पाहिजे.

ते काम होते विज्ञान शिकवण्याचे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १९०० साली, कोचीत सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा मराठी अवतार आला. पुढे श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ आली. भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हातात दिला आणि मराठी मुलांच्या एका आख्ख्या पिढीने समुद्राचा तळ आणि चंद्राचा पृष्ठभाग त्यांच्या मराठीतून पाहिला. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुत, गूढ आणि वैज्ञानिक अशा सर्व प्रकारच्या कथांना घर दिले, द. पा. खांबेटे, नारायण धारप यांच्यासारखे लेखक त्या वातावरणात वाढले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. विज्ञान मातृभाषेतून लोकांपर्यंत नेणे हा तिचा उद्देश होता, आणि तिच्या विज्ञानरंजन कथा स्पर्धेमुळे विज्ञानकथेला पहिल्यांदाच संस्थेचे पाठबळ मिळाले. त्याबरोबर कथेच्या कपाळी एक कर्तव्यही आले: रंजन करता करता विज्ञान समजावून सांगायचे.

१९७४ च्या या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगला नारळीकरांच्या हस्ताक्षरात पाठवले होते. आपल्या नावाच्या वजनाने नव्हे, तर कथेच्या गुणावर निर्णय व्हावा, ही त्यामागची भावना होती. त्यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांनी १९५७ मध्ये ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली होती, त्यामुळे संशोधकाने गोष्टी लिहिण्यात काही कमीपणा आहे असे नारळीकरांना कधी वाटले नसावे. दुर्गा भागवतांनी १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली आणि विज्ञानकथा साहित्याच्या अंगणात आली. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या कितीतरी लोकांना खगोलशास्त्रातील त्यांच्या सिद्धांतांइतक्याच त्यांच्या गोष्टी आठवत होत्या.

विज्ञानप्रसार हा आपला हेतू आहे हे नारळीकरांनी कधी लपवले नाही. त्यामुळे माझ्या मांडणीवर पहिला आक्षेप त्यांच्याच नावाने घेतला जाईल: विज्ञान शिकवणारी कथा नारळीकरांनी लोकप्रिय केली, मग शिकवणे हे विज्ञानकथेच्या पीछेहाटीचे कारण कसे? याला उत्तर देण्यासाठी त्यांच्या कथांतले काय वाचकांच्या मनात राहिले, ते तपासावे लागेल. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जिथे पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. या जगात विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाला चाटून गेली. मग ईस्ट इंडिया कंपनीला पुरा हिंदुस्थान कधी मिळालाच नाही. मुंबई तेवढी भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे राहिली आणि तिथल्या आगगाडीच्या डब्यांवर छोटासा युनियन जॅक रंगवलेला आहे. आझाद मैदानावरच्या व्याख्यानात व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते म्हणून पंत सवयीने तिच्यावर जाऊन बसतात आणि श्रोते खवळतात, कारण त्या जगाने सभेला अध्यक्ष लागतो ही रूढीच टाकून दिली आहे. कथेच्या शेवटी पुंजभौतिकीचे आणि कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांताचे स्पष्टीकरण येते. ते चोख आहे. पण ही कथा वाचलेल्या माणसाला वर्षांनी काय आठवते? रिकामी खुर्ची आणि डब्यावरचा तो झेंडा. एक गोळी तिळभर सरकली तर किती खोलवर सगळे बदलेल, अगदी सभेच्या शिष्टाचारापर्यंत, हा विचार मनात रुतून बसतो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेचेही तसेच. मोबियस पट्टीची कल्पना किती जणांना नीट समजली असेल सांगता येत नाही, पण उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू एकाएकी डावखुरा होतो आणि डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते, हे एकदा वाचलेला वाचक विसरत नाही. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे ज्या घरांत पाळले जाते त्या घरांतल्या वाचकाला त्या उलटापालटीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

नारळीकरांच्या कथांत दोन गोष्टी एकत्र होत्या: सिद्धांताचे स्पष्टीकरण आणि त्या सिद्धांताचा माणसांवर, त्यांच्या चालीरीतींवर होणारा परिणाम. त्या काळी दोन्हींची गरज होती. सत्तरच्या दशकात लातूरच्या किंवा चिपळूणच्या वाचकाला कृष्णविवर म्हणजे काय हे मराठीतून समजून घ्यायचे, तर त्याच्यासमोर पर्याय फार थोडे होते. अशा वेळी कथेतल्या शास्त्रज्ञाने मित्राला दोन पाने काही समजावले तर वाचक ते आनंदाने वाचत असे. त्याच्यासाठी ती नवी माहिती होती. पुढच्या अनेक लेखकांनी नारळीकरांकडून नेमकी ही दोन पाने उचलली. एक हुशार डॉक्टर, एक विचारत राहणारा मित्र किंवा पत्रकार, प्रयोगशाळेतला एक शोध, आणि शेवटी उलगडा. आज तीच माहिती वाचकाच्या हातातल्या फोनवर, चित्रांसह, मराठीत, फुकट मिळते. स्पष्टीकरणासाठी त्याला गोष्टीची गरज उरलेली नाही. म्हणून ज्या कथेचा गाभाच स्पष्टीकरण आहे, ती त्याला जुनी वाटते, मग तिच्यात यंत्रमानव असो की जनुकसंपादन. परिणाम मात्र फोन सांगत नाही. एखादी यंत्रणा घरात शिरली की सासू-सुनेच्या नात्यात, शेताच्या बांधावर, नोकरीच्या मुलाखतीत काय बदलते, हे जाणून घ्यायची वाचकाला आजही ओढ आहे. आणि ते गोष्टीशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही.

हा केवळ अंदाज नाही. मराठीतच त्याचा पुरावा आहे. नारळीकरांची ‘पुत्रवती भव’ ही कथा मुलगाच व्हावा या इच्छेला विज्ञानाने साथ दिली तर समाजाचे काय होईल, हा प्रश्न विचारते. महाराष्ट्रात हा प्रश्न पुढे कथेत राहिला नाही. १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेतील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ वर आणि २०११ मध्ये ८९४ वर घसरली. बीडमध्ये तर ती ८०७ होती. २०१४ मध्ये नंदा खरे यांची ‘उद्या’ ही कादंबरी आली. घटत्या मुलींचा हाच धागा तिच्यात आहे, पण तो कंपन्यांच्या आणि सत्तेच्या पाळतीशी, माणसाच्या प्रत्येक हालचालीच्या नोंदीशी घट्ट विणलेला आहे. खरे पेशाने स्थापत्य अभियंते, ‘आजचा सुधारक’चे संपादक, विज्ञान त्यांना परके नव्हते. तरीही या कादंबरीत फळ्यासमोर उभे राहून शिकवणे नाही. तंत्रज्ञान तिथे हवेसारखे आहे, माणसे त्यात श्वास घेतात आणि गुदमरतात. वाचकांनी ती उचलून धरली, तिच्यावर वाद घातले, आणि २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला. खऱ्यांनी तो स्वीकारला नाही, पण कादंबरीचे वजन त्याने कमी झाले नाही. आश्चर्य हे की ‘उद्या’चे बहुतेक वाचक आपण विज्ञानकथा वाचली असे म्हणत नाहीत. भविष्याचा विचार करणारे लेखन लोक वाचतात. विज्ञानकथा या नावाखाली धडा वाढून ठेवलेला असेल या भीतीने त्या कपाटाकडे ते फिरकत नाहीत.

याच वळणावर दुसरा एक देश आपल्याआधी उभा होता. चीनमध्ये लू शून यांनी १९०३ साली व्हर्नच्याच ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ या कादंबरीचे भाषांतर केले, आणि हेतू आपल्यासारखाच होता: विज्ञानाचा रूक्ष विषय गोष्टीतून लोकांच्या गळी उतरवणे. पुढे अनेक दशके तिथली विज्ञानकथा विज्ञानप्रसाराची मदतनीस म्हणून वावरली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी थोंग अनचेंग या लेखकाने विज्ञानकथेचे काम विज्ञान शिकवणे नाही, असे उघडपणे मांडले आणि त्यावर मोठा वाद पेटला. १९८३ च्या ‘वैचारिक प्रदूषणा’विरुद्धच्या मोहिमेत तर विज्ञानकथाच जवळजवळ बंद पडली. त्या राखेतून छंतूच्या ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’ या मासिकाने ती पुन्हा उभी केली. वीजनिर्मिती केंद्रात अभियंता असलेल्या लिऊ त्सशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ २००६ मध्ये याच मासिकातून क्रमशः आली, २००८ मध्ये पुस्तक झाले, केन लिऊ यांनी ते इंग्रजीत नेले आणि २०१५ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. या कादंबरीत भौतिकशास्त्र कमी आहे असे कोणी म्हणणार नाही; तीन सूर्यांच्या ओढाताणीत सापडलेल्या ग्रहाचे गणित हाच तिचा पाया आहे. पण पाहा, लिऊ ते कसे सांगतात. संगणकाचे तर्कद्वार कसे चालते हे समजावण्यासाठी ते चीनच्या पहिल्या सम्राटाचे तीन कोटी सैनिक मैदानात उभे करतात, त्यांच्या हातात काळे-पांढरे झेंडे देतात, आणि त्या झेंड्यांच्या वर-खाली होण्यातून एक संगणक चालू लागतो. वाचक संगणकाचे तत्त्व शिकतो, पण त्याला शिकवले जात आहे असे एका ओळीतही वाटत नाही. तो सैन्य पाहत असतो. आणि कादंबरीचे सारे संकट उभे राहते ते एका मुलीने सांस्कृतिक क्रांतीच्या जमावाकडून आपल्या प्राध्यापक वडिलांचा मृत्यू पाहिला त्यातून. चिनी वाचकाची ती स्वतःची जखम आहे. विज्ञान अवघड असूनही कादंबरी जगभर वाचली गेली. तेव्हा मराठी वाचकाला विज्ञानाचा भार झेपत नाही म्हणून कथा सोप्या करा, हा सल्ला चुकीचा आहे. भार झेपतो, तो कोणत्या माणसाच्या खांद्यावर ठेवला आहे, ते महत्त्वाचे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो घेणारी माणसे विज्ञानावर मनापासून प्रेम करणारी आहेत. ती म्हणतात, स्पष्टीकरण काढून टाकले तर विज्ञानकथा आणि भाकडकथा यांत फरक काय राहिला? पुष्पक विमानापासून प्लॅस्टिक सर्जरीपर्यंत सगळे आपल्या पूर्वजांकडे होते असे सभांमधून सांगितले जाण्याच्या काळात, कथेने कार्यकारणभाव सोडला तर ती अंधश्रद्धेच्या हातचे खेळणे होईल. ही भीती मी हलक्यात घेत नाही. पण कार्यकारणभाव स्पष्टीकरणाच्या परिच्छेदात राहत नाही, तो कथेच्या हाडांत राहतो. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ पाहा. एका महान शास्त्रज्ञाचे शरीर मरत असताना त्याचा मेंदू जिवंत ठेवण्याचा निर्णय होतो. मेंदू जिवंत ठेवण्याची रासायनिक कृती सविस्तर दिली काय, न दिली काय, कथेची धार कमी होत नाही. ती कठोर राहते कारण एकदा ही गोष्ट शक्य मानली की पुढचे सर्व परिणाम लेखक चुकवत नाही. विज्ञानाची शिस्त म्हणजे एक गृहीत मांडून त्याचा निष्कर्ष, तो नकोसा असला तरी, शेवटपर्यंत नेणे. ती शिस्त ज्या कथेत आहे ती अंधश्रद्धेला कधीच उपयोगी पडत नाही, आणि ज्या कथेत नाही ती दहा परिच्छेद भौतिकशास्त्र घालूनही भाकडकथाच राहते. लोंढ्यांची ही कथा ब्रायन ऑल्डिस आणि सॅम लुंडवाल यांनी संपादित केलेल्या, पेंग्विनच्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात गेली. मराठी घरातून ती तिथवर पोचली ती तिच्यातल्या शिस्तीमुळे.

दुसरा आक्षेप असा की वास्तवच इतके पुढे गेले आहे की कल्पनेला जागा उरली नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता निबंध लिहिते, आवाजाची हुबेहूब नक्कल करते. मग लेखकाने आणखी काय कल्पायचे? फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्कस्वर्ल्ड’ या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला यंत्राने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ नव्या कथा स्वीकारणेच बंद करावे लागले. यंत्रांच्या कथा सांगणाऱ्या मासिकाच्याच दारात यंत्रांनी गर्दी केली, हे खरे आहे. पण यातून उलटाच निष्कर्ष निघतो. तंत्रज्ञान प्रयोगशाळेतून बाहेर पडून गल्लीत आले आहे, म्हणजे कथेचे क्षेत्र आक्रसले नाही, विस्तारले. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर आपल्याच शेतात उभा राहून उभ्या पिकाचा फोटो काढतो, आणि त्या नोंदीवर सातबाऱ्यावरचे पीक ठरते. पूर्वी ही नोंद तलाठी करायचा. तलाठ्याशी भांडता येई, त्याला विनवता येई, चावडीवर चार माणसांसमोर त्याला खोटे पाडता येई. ॲपने शेताचे स्थान बांधाच्या पलीकडे दाखवले तर भांडायचे कुणाशी? भाऊबंदकीत अडकलेली जमीन, रेंज नसलेले शिवार, फोन मुलाच्या हातात आणि जमीन आईच्या नावावर: यातून वीस वर्षांनी काय उभे राहील, हे बातमी सांगू शकत नाही. बातमी योजना आली हे सांगते, तक्रारी किती आल्या हे सांगते. त्या आईच्या आयुष्याला कुठले वळण लागले, हे कथेचे काम आहे. आणि हा विषय इंग्रजी, अमेरिकी किंवा चिनी लेखकाला सुचणार नाही, कारण सातबारा म्हणजे काय आणि त्यावरचे नाव म्हणजे काय, हे ज्याच्या घरात भांडण होऊन ठरले आहे त्यालाच ते कळते.

तरुण वाचक असे काही मराठीत वाचणार नाही, तो नेटफ्लिक्स पाहतो आणि इंग्रजी वाचतो, असे म्हणणाऱ्यांसाठी ‘तुंबाड’चे उदाहरण पुरेसे आहे. नारायण धारपांच्या लेखनाने प्रेरित झालेला, कोकणातल्या पावसात भिजलेला हा चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. तो हिंदी आहे आणि भयकथा आहे, हे मान्य. पण त्यातला वाडा, हाव, पिढीजात वारसा, सोवळे-ओवळे हे सारे आपले आहे आणि तरुणांनी नेमके त्यासाठी तिकीट काढले. इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला अंतराळयाने इंग्रजीत मिळतात. ती मराठीत दुसऱ्या हाताने कशाला घ्यायची? त्याला इंग्रजीत न मिळणारे काहीतरी मराठीने द्यायला हवे. शुभदा गोगटे, सुबोध जावडेकर, मेघश्री दळवी यांसारख्या लेखकांनी नात्यांकडे आणि घराकडे विज्ञानकथा वळवली, तेव्हा ते याच दिशेने जात होते.

अडचण आहे ती जागेची. मराठी विज्ञानकथा मुख्यतः दिवाळी अंकांतून जगते. वर्षातून एकदा अंक येतो, त्यात एखादी कथा विज्ञानाची म्हणून घेतली जाते, मग ती संग्रहात जाते आणि संग्रह ग्रंथालयात. वाचकाला काय आवडले, काय नाही, हे लेखकापर्यंत पोचायला वर्ष लागते, बहुतेकदा पोचतच नाही. ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’कडे महिन्याचा अंक होता आणि महिन्याला वाचकांची पत्रे येत, लिऊ त्सशिन तिथे एका दमात घडले नाहीत, कथेमागून कथा लिहीत घडले. ‘नवल’नेही एके काळी हेच काम केले होते. कथास्पर्धा घेणाऱ्या संस्थांनी परीक्षकांत वैज्ञानिकाइतकेच कादंबरीकार बसवावेत आणि कथेत विज्ञान किती आले हे मोजण्याऐवजी एका गृहीताचा पाठपुरावा किती प्रामाणिकपणे झाला, ते पाहावे. मासिकांनी वर्षभर, दर महिन्याला, एका विज्ञानकथेसाठी पाच-सहा पाने राखावीत आणि पुढच्या अंकात तिच्यावरची पत्रे छापावीत. आठ-दहा अंकांत नवे लेखक पुढे येऊ लागतील, आणि त्यातले काही ई-पीक पाहणी करणाऱ्या गावांतून येतील.